सहा नंबर

मंगळवार, रात्री साडेअकरा

झोप येईना म्हणून उठून बसले. हे घोरतायत. पाऊस थांबून तास झाला, पन्हळीतून अजून ठिबकतंय.

दुपारी धाकटीने आमच्या चर्चच्या रविवारच्या उपासनेची लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, "आई, साडी भारी दिसतेय." साडी बघायला मला कुठे सवड, मी फोन कानालाच लावला. दुसरं गीत, ना. वा. टिळकांचा अभंग. त्यात दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ मी एकटी उचलते आणि मग बाकीचे घेतात, हे आता सगळ्या मंडळीला पाठ आहे. ओळ आली. मग फोन कानावरून काढून नीट बघितलं. माझे डोळे मिटलेले, डावा हात वर, तोंड चांगलं उघडलेलं. आणि आवाज नाही. ढोलकी आहे, की-बोर्ड आहे, पंखासुद्धा ऐकू येतोय. त्या ओळीपुरती मी म्हणजे टीव्हीचा आवाज घालवल्यावर बातम्या देणारी बाई.

आधी वाटलं लिंकच बिघडलीये. मग भांडी तशीच टाकून मागचे रविवार काढत बसले. एकेक करून पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारपर्यंत गेले. पेन्टेकॉस्टच्या रविवारी मी आहे. त्यानंतर एकदाही नाही.

पेन्टेकॉस्टला काय झालं ते मला माहीत आहे. वरच्या पंचमावर आवाज फाटला. तेव्हा मला वाटलं खोकला आला म्हणून लपून गेलं. नाही गेलं. फोनवर ऐकलं तर ताडपत्री फाडावी तसा आवाज. आणि त्या दिवशी बाहेर पडताना चार जणींनी हात हातात घेऊन सांगितलं होतं, "मावशी, आज फार आशीर्वाद मिळाला हो."

बरं, हे सगळं कळायला मी काही अडाणी नाही. २०२० च्या मार्चमध्ये चर्च बंद झालं तेव्हा ते आवाजाचं मिक्सर कोणी आणलं, पैसे कोणी गोळा केले, आमच्याच ओट्यावर त्याची पहिली जोडणी कोणी केली, जाऊ दे. ते मिक्सर सांभाळणाऱ्या बाळ्याने तेव्हा मला एकेक बटण समजावलं होतं. खालचा सरकता खटका म्हणजे फेडर, त्याच्यावर हॉलमधला आणि लाइव्हवरचा आवाज. मॉनिटरचं बटण वेगळं, त्याचा आवाज फक्त आपल्या पायाशी ठेवलेल्या खोक्यात येतो, आपण काय गातोय ते आपल्याला कळावं म्हणून. "मावशी, मॉनिटर आपण प्री-फेडर ठेवलाय. खाली फेडर पाडला तरी तुम्हाला तुमचं ऐकू येत राहणार." मी म्हटलं होतं, वा, किती सोयीचं.

संध्याकाळी महिला मंडळाची प्रार्थना होती. दहा मिनिटं आधी गेले. मिक्सरवर जुनं वेदीचं कापड टाकलेलं असतं, ते उचललं. पांढऱ्या चिकटपट्टीवर बाळ्याचं अक्षर: पुलपिट, वाचन, की-बोर्ड, ढोलकी, वहिनी, मावशी. सहावी मी. बाकीचे सगळे फेडर अर्ध्याच्या वर. माझा तळाला टेकलेला, आणि त्याच्या खाचेत धूळ. म्हणजे खाली-वर काही होतच नाही, तो तिथे राहायलाच आलाय. मात्र त्याच रांगेतलं मॉनिटरचं बटण जवळजवळ शेवटपर्यंत पिळलेलं होतं. इतकं कोणाचंच नव्हतं. पाळकसाहेबांचंही नाही.

तिथेच मला कसंतरी झालं. फेडर पाडला याचं एवढं नाही. ते बटण वर केलंय याचं. दर रविवारी बाळ्या मागून अंगठा दाखवून विचारतो, "मावशी, मॉनिटरमध्ये येतंय ना?" आणि मी म्हणते, "येतंय रे, आज तर फारच छान येतंय."

कोणाकोणाला माहीत असेल? बाळ्याला तर आहेच. वहिनींना असणार, त्या शेजारी उभ्या असतात. की-बोर्डवाल्याला? पहिल्या बाकावरच्यांना तर दर आठवड्याला दिसतंच की मावशी तोंड उघडते आणि काही येत नाही. मग त्या हातात हात घेऊन काय सांगत होत्या? म्हणजे पेन्टेकॉस्टपर्यंतचं कौतुकही आता तपासून घ्यावं लागणार. हे फार वाईट आहे, मागचं सगळं परत मोजायला बसायचं.

नाही म्हणायला, स्वराचं मला सांगता आलं असतं. मी काळी चारच्या पट्टीत गाणारी बाई. आता त्याखालच्या पांढरी चारच्या वर गेलं की घसा धरतो, हे मला गेल्या नाताळातच कळलं होतं. मी कोणाला बोलले नाही. की-बोर्डवर सगळं गाणं खाली उतरवणारं ट्रान्सपोजचं बटण दाबायचं काम, पण ते दाबा म्हणून सांगायचं म्हणजे... असो. आणि मुलांचं ते गिटारवरचं नवं गाणं वहिनींच्या सुरात आहे, ते माझ्यासाठी उतरवलं तर त्यांना खाली लागत नाही. कोणाचा तरी घसा जाणारच.

पूर्वी आमच्यात गाणाऱ्या एका काकूंना आम्ही खांबाच्या मागे उभं करायचो. तुम्ही उंच आहात, मागे शोभता, असं सांगितलं होतं. त्या उंच नव्हत्या.

ह्यांना जेवताना सांगितलं. हे म्हणाले, "मग देवासाठी गातेस का माणसांसाठी?" हे वाक्य मीच तरुण संघाला पंचवीस वर्षं ऐकवत आलेय, त्यामुळे मला उत्तर देता येईना. पण देवाला माझं स्वयंपाकघरातलंही ऐकू येतं, त्यासाठी क्रीम साडी नेसून पावणेनऊला साउंड चेकला जावं लागत नाही. वर चढून गाते ती माणसांनी ऐकावं म्हणूनच. हे मी पहिल्यांदा लिहितेय, आणि लिहिल्यावर काही आभाळ कोसळलं नाही.

बाळ्यावर चिडायचं तर चिडता येत नाही, हीच खरी पंचाईत. त्याने मला टीममधून काढलं असतं तर मी महिनाभर रुसले असते, मग जेवायला बोलावून भांडले असते, संपलं असतं. त्याने काय केलं, माझं गाणं मलाच परत दिलं. भरभरून दिलं. वीस-बावीसचं पोर, त्याला हे सुचलं कसं? का मीच शिकवलंय, तो रविवारच्या शाळेत माझ्या वर्गात असताना, की कोणाचं मन मोडू नये? मन मोडलं नाही त्याने. पण आठवड्यामागून आठवडे मी त्या खोक्याकडे बघून खूश होत राहिले, हे आठवलं की कान तापतात.

परवा निवृत्तीनाथांची पालखी नगरवरून पुढे गेली. मी दुधाची पिशवी घेऊन कोपऱ्यावर उभी होते. दिंडीत एक जण ओळ म्हणतो आणि मागचे शंभर ती उचलतात, त्यात कोणाचा सूर कुठे फाटतोय ते टाळाखाली कळतही नाही. टिळकांनी आम्हाला अभंग दिले ते याच चालीचे. त्याआधी मिशनऱ्यांनी भाषांतर केलेली गीतं होती, विलायती चाली, मराठी शब्द ओढूनताणून बसवलेले, ऱ्हस्वाचं दीर्घ. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नगरला येऊन ओव्या, अभंग, पदं लिहिली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. आजी सांगायची, पूर्वी ख्रिस्ती कीर्तन असलं की बुवा पुढे आणि मागे झील ओढणारे, म्हणजे त्याची ओळ मागून धरणारे, दोघे-तिघे. झीलकऱ्याचं नाव कोणी विचारत नाही. पण तो दम घ्यायला थांबला की बुवाची ओळ लंगडी पडते.

आता मी हे लिहितेय म्हणजे लगेच मोठ्या मनाची झाले असं नाही. मला अजूनही ती एक ओळ हवी आहे. एकच. पांढरी चारात.

मघाशी रविवारची लिंक परत लावली, शेवटच्या गीताची. ते मी नीट ऐकलंच नव्हतं, आपल्याला शोधण्यात गेलं होतं. त्यात मधेच एक आवाज येतो, चिरका, अर्धी मात्रा मागे, शब्द चुकलेला. तिसऱ्या बाकावरच्या आजी! त्यांना माइक नाही, काही नाही, वाचनाचा माइक कोणीतरी चालूच ठेवलेला, त्यातून त्या शिरल्यात. संपूर्ण गीतभर आहेत. लाइव्हवर, जगभर. पुण्यात धाकटीच्या घरी, दुबईत दिरांकडे, सगळीकडे आजी. मी हसले ते इतकं की हे जागे झाले आणि "काय झालं?" म्हणून परत झोपले.

शनिवारी सराव आहे. आत्ताच बाळ्याला मेसेज टाकला, पोरं जागीच असतात: "रविवारी मॉनिटरमध्ये माझा आवाज कमी दे. वहिनींचा वाढव. आणि अभंग पांढरी चारात घ्यायला सांग की-बोर्डवाल्याला."

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. मग "टायपिंग" दिसायला लागलं. थांबलं. परत दिसायला लागलं. असं चार-पाच मिनिटं चाललं होतं, मी पाणी पिऊन आले तरी चालूच.

मग आलं: "ओके मावशी."

आणि दोन मिनिटांनी: "उद्या येऊ का घरी?"

लिहिलं, ये. पुरणाचं काही नाहीये, खिचडी आहे.