रात्र, भिंत आणि बांध: जावातल्या वाडीची राखण

इंडोनेशियातल्या जावा बेटावर, योग्यकार्ता शहराच्या दक्षिणेला बांतुल जिल्हा आहे. भातखाचरं, नारळी, कौलारू घरं, अंगणात कोंबड्या. कोकणातल्या माणसाला पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटेल असं. वाडीला एरवी जावात दुसुन म्हणतात, योग्यकार्ता प्रांतात पादुकुहान आणि तिच्या प्रमुखाला पाक दुकुह. पण रोजच्या कामाचा माणूस त्याच्याही खालचा, ‘पाक एर-ते’. एर-ते हे ‘रुकुन तेतांगा’चं लघुरूप, शब्दशः शेजाऱ्यांचा सलोखा. जपानी ताब्याच्या काळात, १९४४ साली, लोकांवर वचक ठेवायला त्यांच्या ‘तोनारिगुमी’च्या धर्तीवर घरांचे असे गट पाडले गेले. जपानी गेले, गट टिकले. आज चोर असो, आग असो की बांधावरचं भांडण, पहिली हाक इथेच जाते. पोलीस ठाणं तालुक्याच्या गावी असतं, तिथून माणूस येईपर्यंत जे काही करायचं ते शेजारच करतो.

रात्रीची राखण म्हणजे रोंदा. वाडीच्या तिठ्यावर एक चौथरा, वर छप्पर, एक दिवा. हा पोस रोंदा. घरटी एक माणूस, आठवड्यातून एक रात्र, पाच-सहा जणांची पाळी. साधारण दहाला जमायचं, मध्यरात्रीनंतर वाडीभर फेरी मारायची. सोबत बॅटरी, काठी आणि जिम्पितानचा डबा. जिम्पितान म्हणजे चिमूट. प्रत्येक घराच्या दाराशी किंवा कुंपणाला एक छोटा डबा लटकवलेला असतो, पूर्वी त्यात रोज मूठभर तांदूळ टाकत, आता बहुतेक ठिकाणी पाचशे किंवा हजार रुपियाचं नाणं. फेरीवाले ते गोळा करतात, पोसवर मोजतात आणि वहीत घरागणिक लिहितात. पैसा रस्त्यावरच्या दिव्यांना, कुणी दवाखान्यात असेल तर त्याच्या भेटीला, मयतीच्या खर्चाला जातो.

रक्कम किरकोळ वाटते, पण या डब्याचं खरं काम दुसरंच आहे. डबा रिकामा करायचा तर दारापर्यंत जावं लागतं, म्हणजे रात्रीतून एकदा प्रत्येक दार, प्रत्येक गोठा डोळ्यांखालून जातो. सकाळी डब्यात नाणं तसंच दिसलं तर फेरी झाली नाही हे घरच्यांना कळतं. आणि एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या डब्यात दोन-तीन रात्री काहीच नसेल तर दार वाजवायचं असतं. चांगली राखण मोजायची ही सगळ्यांत स्वस्त पद्धत आहे असं मला मनापासून वाटतं. डबा घेताना फक्त दोन गोष्टी बघा: तळाला बारीक भोकं हवीत आणि वर झाकण हवं. पावसाळ्यात पाणी साचलेला डबा म्हणजे दारातच डेंग्यूच्या डासांची पैदास.

पोसवर केंतोंगान टांगलेलं असतं. फणसाचा ओंडका किंवा जाड बांबू, आतून पोकळ, पुढे एक उभी चीर. टोला चिरेच्या कडेवर मारायचा, तिथेच आवाज मोकळा सुटतो. बांबूचं हलकं आणि झटपट होतं, पण उन्हात तडकतं आणि भुंगा लागतो. फणसाचं बरंच टिकतं. दोन्ही छपराखालीच टांगावीत. टोल्यांची भाषा गावागणिक थोडी बदलते, जास्त चालणारी अशी: सुटा एकेक टोला म्हणजे खून, दोन-दोन म्हणजे चोरी, तीन-तीन आग, चार-चार पूर किंवा तसलं संकट, पाच-पाच गुरांची चोरी. सगळं ठीक असेल तर ‘दोरो मुलुक’, म्हणजे उंच उडणारं कबूतर: आधी एक टोला, मग टोल्यांची लड, शेवटी पुन्हा एक. घाबरलेला माणूस मोजत बसत नाही, तो सलग बडवतो. त्याला तितिर म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘सगळे बाहेर या’ एवढाच. नव्याने राहायला आलेल्यांना हे आकडे माहीत नसतात, म्हणून टोल्यांचा तक्ता पोसच्या भिंतीवर रंगवलेला हवा. अलीकडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भिस्त ठेवतात. रात्री दोनला फोन मुका असतो आणि मोठ्या भूकंपात टॉवरही बंद पडू शकतो. ग्रुप जरूर ठेवा, पण केंतोंगान उतरवू नका.

रोंदा मोडतो तो तरुण माणसं शहरात कामाला गेल्यावर. कागदावर सहा नावं आणि चौथऱ्यावर दोन म्हातारे. यावर उपाय म्हणजे पाळ्या घरटी न लावता त्या रात्री खरोखर वाडीत असणाऱ्यांची यादी करणं आणि न येणाऱ्याचा दंड एर-तेच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरवणं. वाडीच्या तोंडाशी एक पाटीही असते: पाहुण्याने चोवीस तासांत कळवणं सक्तीचं. मुक्कामी आलेल्याने ओळखपत्राची प्रत घेऊन पाक एर-तेकडे जायचं. यात अपमान मानू नये. रात्री अनोळखी चेहरा दिसला तर रोंदावाल्यांना तो कुणाकडचा हे माहीत असावं, एवढ्यासाठीच ते आहे.

आता भिंत. २७ मे २००६ च्या पहाटे, सहा वाजायच्या आत, बांतुलला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. ५,७०० हून अधिक माणसं गेली, दीड लाखाच्या वर घरं भुईसपाट झाली. किल्लारीत १९९३ साली जाड दगड-मातीच्या भिंती लोकांच्या अंगावर आल्या होत्या, इथे उलट अर्ध्या विटेच्या पातळ भिंती. त्यांना कोपऱ्यात खांब नव्हता, वर पट्टा नव्हता. हादऱ्यात प्रत्येक भिंत आपापली हलली आणि आडवी झाली.

त्यानंतर साध्या एकमजली घराचे जे नियम सांगितले गेले ते पाठ करण्यासारखे आहेत. दगडी पायावर १५ बाय २० सेंटीमीटरची पायातुळई, तिला इथे स्लोफ म्हणतात. प्रत्येक कोपऱ्यात आणि भिंती मिळतात तिथे १५ बाय १५ चा खांब. भिंतीच्या माथ्यावर घराला चारी बाजूंनी वेढणारा १२ बाय १५ चा पट्टा. तिन्हींत १० मिलिमीटरच्या चार सळया, भोवती ८ मिलिमीटरच्या रिंगा, दर १५ सेंटीमीटरवर. विटांच्या दर सहा थरांनंतर खांबातून ४० सेंटीमीटर लांबीची सळई भिंतीत घालायची, म्हणजे भिंत खांबाला धरून राहते. खांबांमधली सलग भिंत ९ चौरस मीटरच्या पुढे नको. काँक्रीट एक सिमेंट, दोन वाळू, तीन खडी आणि पाणी सिमेंटच्या निम्मं. विटांच्या जोडणीला एकास चार.

चूक कुठे होते तर रिंगेच्या टोकाला. टोक आत, १३५ अंशांत वळवून पाच सेंटीमीटर काँक्रीटच्या गाभ्यात गेलं पाहिजे. गवंडी, म्हणजे तुकांग, काटकोनात वळवून सोडतो, कारण ते पटकन होतं. हादऱ्यात वरचं काँक्रीट सुटलं की काटकोनातली रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. दुसरी चूक पाण्याची. फळ्यांत माल सहज उतरावा म्हणून बादलीभर पाणी वाढवतात, फळ्या काढल्यावर खांबात पोकळ्या दिसतात आणि वरून गिलावा फासून त्या झाकल्या जातात. तिसरी चूक छपराच्या टोकाशी: विटांचा तिकोना, सोपी-सोपी, चौकटीशिवाय उभा करतात आणि तो नेमका अंथरुणावर कोसळतो. तिथे चौकट बांधायची नसेल तर फळ्या किंवा बांबूची चटई लावावी.

ही तपासणी फक्त काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशीच करता येते. पुनर्बांधणीत दहा-पंधरा घरांचे गट केले होते, पोकमास, आणि अनुदान टप्प्याटप्प्याने गटाच्या हाती यायचं. त्यामुळे शेजारी एकमेकांचे सांगाडे बघत. नवं घर बांधताना आजही हेच करावं. शेजाऱ्याला बोलवा, हातात टेप द्या, त्याला दहा रिंगा मोजू द्या.

गॅसबद्दल थोडक्यात. तीन किलोचं हिरवं सिलिंडर, ज्याला सगळे मेलन म्हणतात, त्याच्या तोंडातली रबरी कडी कडक झालेली किंवा गायबच असते. रेग्युलेटर बसवण्याआधी ती बोटाने चाचपून बघा. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, दारं उघडा आणि सिलिंडर अंगणात न्या. हा वायू जमिनीलगत साचतो. विहीर शौचालयाच्या खड्ड्यापासून किमान दहा मीटर लांब हवी. आणि मोटारसायकलची मालकी सांगणारं बेपेकाबे गाडीच्या डिकीत कधीही ठेवू नका. गाडीसोबत फक्त नोंदणीचं एसतेएनका.

बांधाचं काम मात्र सवडीने करण्यासारखं. बरेच लोक तीन कागद दाखवून जमीन आपली म्हणतात: गिरिक, गावदप्तरातल्या ‘लेतर चे’चा उतारा आणि एसपेपेते, म्हणजे दरवर्षी येणारी जमीनकराची नोटीस. तिन्ही मुळात कराचे कागद. आपल्याकडे घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही, तसंच. १९६० च्या जमीन कायद्याखाली खरी मालकी ‘हाक मिलिक’, ती प्रमाणपत्रावर नोंदलेली असते आणि व्यक्तींपैकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकालाच मिळते. २०२१ च्या नियमाने गिरिकसारख्या जुन्या कागदांना पाच वर्षांची मुदत दिली होती. ती फेब्रुवारी २०२६ ला संपली. त्यापुढे ते पुरावा म्हणून चालत नाहीत, नोंदणी करताना दिशा दाखवण्यापुरते उरतात.

नोंदणीचा सोपा रस्ता सरकारच्या सरसकट मोजणीचा, पेतेएसएल. मोजणीचा खर्च सरकारचा. गावपातळीवरच्या तयारीला जावा आणि बालीत जास्तीत जास्त दीड लाख रुपिया घेता येतात. त्याहून जास्त मागितले तर हिशोब लेखी मागा. मोजणीआधी प्रत्येक कोपऱ्यावर खुंट, पातोक, रोवायचा आणि चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना उभं करून त्यांच्या सह्या घ्यायच्या. मग १४ दिवस नकाशा आणि नावं जाहीर लावतात, हरकत घ्यायची ती त्याच दिवसांत.

अडतं ते बहुधा दोन ठिकाणी. जमीन अजून आजोबांच्या नावावर, एक भाऊ सुमात्रात, आणि वारसांच्या कागदावर त्याची सही नाही. किंवा वीस वर्षांपूर्वीची खरेदी नुसत्या क्वितान्सीवर, म्हणजे पावतीवर झालेली. पावतीवर मेतराइचं तिकीट चिकटवलं की व्यवहार पक्का झाला असं मानतात, पण ते तिकीट कागदावरचा कर आहे. विक्रीच्या नोंदीला पेपेआते, म्हणजे जमिनीचे दस्त करणाऱ्या अधिकाऱ्यासमोरचा दस्त लागतो. विकणारा हयात असेल तर त्याला याच महिन्यात तिथे घेऊन जा. तो गेल्यावर त्याच्या सगळ्या मुलांना गाठावं लागतं. योग्यकार्तात आणखी एक बघायचं: काही जागा ‘सुलतान ग्राउंड’ आहेत, म्हणजे सुलतानाच्या मालकीच्या. तिथे केकान्चिंगान, म्हणजे राजवाड्याच्या परवानगीच्या पत्रावर वापर मिळतो, मालकी मिळत नाही, मग घर कितीही जुनं असो.

खुंट रोवताना तो काँक्रीटचा घ्या आणि अर्ध्याहून जास्त जमिनीत जाऊ द्या. नांगराला लागून हललेला खुंट दिसला तर एकट्याने सरळ करू नका. आधी पलीकडच्या शेजाऱ्याला हाक मारा, दोघांनी मिळून दोरी धरा, आणि पाक एर-तेला बोलावून मगच माती दाबा.