तुम्ही विचारलंत म्हणून: आमचं शिक्षण नाही, मग लेकराच्या अभ्यासात काय लक्ष घालायचं?

पालकसभा संपते, पोरं चटया गुंडाळायला लागतात, तेव्हा कुणीतरी आई मागे रेंगाळते. बाकीच्या बायका फाटकाबाहेर गेल्या की हळूच विचारते, "मॅडम, आमचं शिक्षण नाही. लेकराच्या अभ्यासात आम्ही काय लक्ष घालावं?" बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी एकवीस वर्षं शिकवतेय. गावं बदलली, प्रश्न तोच राहिला. वडील विचारतात तेव्हा पुढे एक वाक्य जोडतात: "तुमच्या हवाली केलंय. मारा, पण शिकवा."

"रोज शाळेत पाठवा, घरी अभ्यास करून घ्या," असं सांगून मी अनेकदा वेळ मारून नेली. पण ज्या बाईला अक्षर ओळखू येत नाही तिनं अभ्यास करून घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मी कधी नीट सांगितलं नाही. ते आज सांगते.

आधी माझ्या वाट्याचं. वाचायला शिकवणं हे माझं काम आहे, त्याचा पगार मला मिळतो. तिसरीतल्या लेकराला जोडाक्षर वाचता येत नसेल तर त्याचा जाब तुम्ही मला विचारायचा. "घरचे लक्ष देत नाहीत" हे वाक्य आम्हा शिक्षकांच्या तोंडात फार सहज येतं. ते खरं असलं तरी माझ्या वर्गातल्या सहा तासांचा हिशेब त्यानं चुकता होत नाही.

आता तुमच्या वाट्याचं. त्यासाठी एका आईची गोष्ट सांगायलाच हवी.

तिचा मुलगा माझ्याकडे पहिलीत होता. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जाणारी, तिनं स्वतः शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. श्रावणातल्या एका सकाळी परिपाठ चालू असताना ती मुलाचं बखोट धरून आली आणि म्हणाली, "मॅडम, ह्यो पाठ म्हणतोय, वाचत नाही." मला राग आला. तो मुलगा वर्गात धडाधडा वाचायचा, माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे वाचनाला चांगला शेरा होता. तिनं पिशवीतून पुस्तक काढून माझ्यापुढे धरलं. पानाच्या मधोमध, एका शब्दावर, ज्वारीच्या पिठाचा बोटाचा ठसा वाळून बसला होता.

आदल्या रात्री ती भाकरी थापत होती आणि हा चुलीजवळ बसून वाचत होता. तिनं पाहिलं, तोंड चालू आहे आणि नजर चुलीतल्या निखाऱ्यांवर आहे. तिनं पिठाचं बोट तसंच मधल्या एका शब्दावर टेकवलं आणि विचारलं, "हे काय?" त्यानं ओळीच्या सुरुवातीपासून म्हणायला सुरुवात केली, म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत आला आणि मग सांगितलं. तिनं दुसरीकडे बोट ठेवलं, त्यानं पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी तिनं आधीचे शब्द हातानं झाकले, तर त्याला सांगताच येईना.

डी.एड. झालेल्या मला जे दोन महिन्यांत दिसलं नव्हतं, ते तिला एका संध्याकाळी दिसलं. त्याच दिवसापासून मी शब्दांच्या चिठ्ठ्या कापल्या, वेगवेगळ्या क्रमानं मांडल्या आणि त्या मुलाला, खरं तर वर्गातल्या आणखी सहाजणांना, नव्यानं वाचायला शिकवलं. ते पान मला अजून आठवतं.

म्हणून मी सांगते, लेकराला रोज तुमच्यासमोर मोठ्यानं वाचायला लावा. तुम्ही निवडत असाल, थापत असाल, जनावराला वैरण टाकत असाल, चालेल. शब्दाखाली बोट ठेवून वाचू दे. अडखळलं तर तुम्हाला ऐकू येतंच, त्यासाठी अक्षर यावं लागत नाही. "इथं थांबलास, उद्या मॅडमना विचार" एवढं म्हटलंत तरी लेकरू दुसऱ्या दिवशी तो शब्द घेऊन माझ्याकडे येतं. असं विचारत येणारी मुलं मला लगेच ओळखू येतात.

हजेरीचंही तसंच. बाजार, जत्रा, मावशीकडचं लग्न अशा कारणांनी लेकराला दोन दिवस घरी ठेवलं तर काय बिघडलं, असं वाटतं. पण दुसरीत त्याच दोन दिवसांत मी हातच्याची वजाबाकी शिकवलेली असते. ती हुकली की पुढे भागाकार अडतो, आणि चौथीत ते लेकरू "मला गणित येतच नाही" म्हणून मागच्या रांगेत जाऊन बसतं. ठेवावंच लागलं तर ठेवा. आल्यावर मात्र मला येऊन विचारा, दोन दिवसांत काय झालं. मी शिकवीन.

आणि लेकराबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते मला सांगत जा. एका मुलाला मी चार महिने बेध्यान समजत होते. त्याचे वडील सहज बोलता बोलता म्हणाले, "त्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, लहानपणी कान फुटला होता." मी त्याला उजवा कान माझ्याकडे येईल असं बसवलं. जूनमध्येच कळलं असतं तर त्याचे चार महिने वाचले असते. याला कुठलं शिक्षण लागतं, सांगा.

पुण्यातल्या माझ्या भाच्याचे प्रकल्प त्याचे वडील रात्री बारापर्यंत जागून करतात. ते शिकलेले आहेत, मुलावर जीव आहे, पण त्या पुठ्ठ्यावर मुलाचा हात फिरलेला नसतो. तेव्हा शिकलेल्या घरांत सगळं आलबेल आहे असं समजून स्वतःला कमी लेखू नका.

आता एक अवघड गोष्ट. गावातली जाणती माणसं कधी कधी म्हणतात, लेकरांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड केल्याशिवाय जमायचं नाही. दंडाची गोष्ट नवी नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला होता. पण दंडाबरोबर त्यांनी फी माफ केली, गावोगाव शाळा काढल्या, म्हणजे दरबारानं आपलं कर्तव्य आधी पत्करलं. आजही ६ ते १४ वयाच्या मुलाला शिक्षणाची संधी देणं हे पालकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून २००२ च्या घटनादुरुस्तीनं लिहिलेलं आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य सांगतो, मात्र त्यासाठी पालकाला शिक्षा सांगत नाही. मला ते योग्य वाटतं. मुकादमाकडून उचल घेतलेलं जोडपं दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतं ते हौसेनं नाही. लेकराला उसाच्या फडावर न्यायचं की म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायचं, एवढंच त्यांच्या हातात उरतं. त्यांच्यावर आणखी दंड कुठून बसवायचा?

पण त्याच कायद्यानं तुमच्या हातात एक गोष्ट दिली आहे आणि ती बहुतेकांनी उघडूनही पाहिलेली नाही. शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते, आलेला पैसा कुठे गेला हे पाहते. म्हणजे कायद्यानं शाळेची देखरेख तुमच्याकडे दिली आहे. प्रत्यक्षात काय होतं, तेही सांगते. एका शाळेत असताना आम्ही समितीच्या सभेचं प्रोसिडिंग लिहून शिपायाहाती घरोघर पाठवायचो आणि सह्या-अंगठे गोळा करायचो. मीही ते केलं आहे, आणि ते चुकीचं होतं. ते बंद पाडलं एका पालकानं. मेंढरं राखणारा माणूस. त्यानं रजिस्टर हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "अंगठा देतो, पण आधी वाचून दाखवा." शिपाई परत आला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शिक्षक त्याच्या मेंढरांच्या वाड्यावर गेलो आणि ओळ न ओळ वाचून दाखवली. त्यानं स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीवर दोन प्रश्न विचारले. दोन्हींची उत्तरं आमच्याकडे नव्हती. त्यानंतर सभा शाळेत भरायला लागली.

तेव्हा कुठेही अंगठा देण्याआधी वाचून दाखवायला सांगा. आणि दिवाळीच्या आधीच्या सभेत एक मागणी विसरू नका, हंगामी वसतिगृहाची. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांना गावातच ठेवून जेवणाखाण्याची सोय त्यातून होते, ते समितीमार्फतच चालतं. टोळ्या निघून गेल्यावर ओरडून उपयोग नसतो, प्रस्ताव आधी जावा लागतो. कुणाची मुलं मागे राहणार आहेत हे तुमच्याइतकं कुणाला माहीत?

त्या आईनं ती मागणी केली होती, त्याच वर्षी. मुलगा आजीपाशी राहिला, जेवायला वसतिगृहात यायचा. ती कारखान्याकडे गेली. जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी वसतिगृहात गेले होते, तर तो जेवण आटोपून स्वयंपाकीण मावशींच्या फोनवर बोलत होता. पलीकडे कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, माणसांचा गलका, कुठेतरी ट्रॅक्टरचा आवाज. जेवलास का, आजी बरी आहे का, हे विचारून झालं आणि तिनं वाचायला सांगितलं. त्यानं फोन मावशींच्या हातात दिला, पुस्तक उघडलं आणि सुरू केलं. दोन ओळी झाल्या असतील.

"बोट ठेवलंय का?" पलीकडून आवाज आला.

त्यानं घाईनं बोट शब्दावर टेकवलं आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.