तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या गाडीच्या मोनोग्रामचं काय करायचं?

“काय ओ, ह्याचे किती येतील?” निपाणी, खानापूर, शहापूर, कुठूनही कुणी जुन्या गाडीचा मोनोग्राम, म्हणजे बॉनेटवरचा नावाचा किंवा चिन्हाचा धातूचा बिल्ला, घेऊन आलं की पहिला प्रश्न हाच. दुसरा लगेच येतो: “आधी पॉलिश मारून घेऊ काय?”

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. अजिबात नको. त्या काळातले बरेच मोनोग्राम जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असत. त्यावर तांबं, मग निकेल आणि सगळ्यात वर क्रोमचा केसाहून पातळ थर. बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, लावला की क्रोम जातं, अक्षरांच्या धारा गोल होतात, आणि गेलेली धार परत येत नाही. खानापूरकडच्या पावसात राहिलेल्या गाडीवर क्रोमला बारीक खड्डे पडतात, ते मी तसेच ठेवतो. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश, मग पूर्ण कोरडं करून सुती कापडात गुंडाळायचं. एवढं पुरे. मिन्याचा मोनोग्राम असेल तर जास्तच जपा. तो रंग म्हणजे धातूवर वितळवलेली काच, पडला की टवका उडालाच.

आता अस्सल कसा ओळखायचा. आपलं बेळगाव फाउंड्रीचं गाव, त्यामुळे नक्कल करून घेणं इथं सोपं. पण उद्यमबाग ह्या इथल्या औद्योगिक वसाहतीतला कुठलाही पॅटर्नवाला, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवणारा, सांगेल, धातू थंड होताना आकसतो. मूळ मोनोग्रामचाच साचा घेऊन पितळेत ओतला तर साधारण दीड टक्का लहान येतो. म्हणजे दहा सेंटिमीटरला दीड मिलिमीटर. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावा, नाहीतर बॉनेटच्या भोकांवर धरून बघा. मागच्या पिना नीट बसत नाहीत. माझा सगळ्यात जास्त भरवसा ह्याच खुणेवर आहे.

किमतीचं म्हणाल तर ठरलेला भाव नाही. अँबेसिडर १९५७ पासून २०१४ पर्यंत निघाली, तिचे मोनोग्राम भरपूर. तिच्या आधीची लँडमास्टर मोजकीच वर्षं निघाली, तिचा सहज मिळत नाही. फियाटचं तर नावच बदललं: १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी झाली. म्हणून पद्मिनीवर फियाटचा मोनोग्राम दिसला की आधी गाडीचं साल विचारायचं. पिना शाबूत, पाठीवर बनवणाऱ्याचा ठसा, कडेला मूळ रंगाचा कण, आणि कुठल्या गाडीचा ते सांगणारा आरसीचा झेरॉक्स, ह्या चार गोष्टी असल्या तर संग्राहक मोकळ्या हातानं पैसे देतो.

रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला नक्कल लावायला माझी काही हरकत नाही. मात्र पाठीवर ‘नक्कल’ आणि साल कोरून घ्या. आणि गाडी अजून चालू असेल तर तिचा मोनोग्राम काढून विकायला माझ्याकडे आणू नका. तो मी घेणार नाही.