अठ्ठ्याहत्तर मिळवले आणि चुकलो

समुद्रातल्या तेलक्षेत्रावर नोकरीची बरीच वर्षे काढून मी आता ठाण्यात निवृत्तीचे दिवस घालवतो आहे. आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या मंडळाने अझरबैजानमधल्या बाकू शहरावर तासभर बोलण्याचे काम माझ्यावर सोपवले, याचे कारण माझा व्यासंग नसून एक लिफाफा होता. साठच्या दशकात बाकूला प्रशिक्षणासाठी गेलेले आमचे एक वरिष्ठ वारले आणि नौपाड्यातले घर आवरताना सापडलेली त्यांची कृष्णधवल छायाचित्रे वहिनींनी माझ्या हाती ठेवली. बहुतेकांत डेरिकची, म्हणजे तेलविहिरींवरच्या मनोऱ्यांची, रांग आणि ओव्हरकोट घातलेली माणसे होती. एका छायाचित्रात मात्र भिंतीत बसवलेला कोरीव दगड होता आणि त्यावरची पहिली ओळ मला भिंगाशिवाय वाचता आली: श्रीगणेशाय नमः. मागच्या बाजूला साहेबांच्या अक्षरात एकच शब्द होता, ‘सुराखानी’, म्हणजे बाकूजवळचे एक गाव.

कॅस्पियनच्या काठी गणपती पाहून झालेला आनंद फार टिकला नाही, कारण पुढचे काही लागेना. शब्द एकमेकांना चिकटवून कोरलेले, वेलांट्या झिजलेल्या आणि दगडाचा एक भाग सावलीत गेलेला. ‘ज्वालाजी’ एवढ्या एका शब्दाने माझ्या दोन संध्याकाळी खाल्ल्या. आकडे तेवढे स्वच्छ होते: १८०२. जुना आकडा दिसला की मराठी माणूस तो शक धरतो, तसा मीही धरला, त्यात ७८ मिळवले आणि वहीत इसवी सन १८८० असे लिहून खाली दोन रेघा मारल्या.

हे साल माझ्या व्याख्यानासाठी इतके सोयीचे होते की शंका यायला हवी होती. बाकूजवळ बीबी-हेबतला यंत्राने खोदलेली २१ मीटर खोलीची तेलविहीर १८४६ सालची. सुराखानीला कोकोरेव्ह या रशियन उद्योजकाचा केरोसिनचा कारखाना १८५९ मध्ये उभा राहिला. रॉबर्ट नोबेल १८७३ मध्ये तिथे पोहोचला आणि नोबेल बंधूंची कंपनी १८७९ मध्ये स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी तर जगातले निम्म्याहून अधिक तेल या एका परिसरातून निघत होते. म्हणजे तेलाचा पैसा वाहू लागला, त्यामागोमाग आपले व्यापारी गेले आणि त्यांनी देऊळ बांधले, अशी गोष्ट मी जुळवली आणि त्याप्रमाणे स्लाइडही तयार केल्या.

ती मोडली एका मोडी शिकवणाऱ्या सरांनी. मी त्यांच्याकडे गेलो होतो केवळ शाबासकी घ्यायला. त्यांनी छायाचित्र उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “वरचे वाचलेत, पण खाली फारसी आहे ते सोडून दिलेत की.” ज्याला मी इतके दिवस नक्षी समजत होतो त्या फारसीच्या ओळी होत्या. राबोडीतल्या माझ्या एका जुन्या मित्राने चहा निवायच्या आत त्यातला ‘आतश’, म्हणजे अग्नी, हा शब्द दाखवला आणि साल सांगितले: हिजरी ११५८. हिजरी वर्ष चांद्र असल्याने त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावे लागतात. उत्तर १७४५ आले. एकाच दगडावर १७४५ आणि १८८० ही दोन साले कशी असतील?

फरक बरोबर १३५ वर्षांचा होता. हा आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत राहिला आणि रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर तो दिसला. तिथे शके आणि विक्रम संवत शेजारी-शेजारी छापलेले असतात आणि दोघांमधले अंतर तेवढेच असते. सकाळी सुनेने छायाचित्र फोनवर घेऊन सावलीचा भाग उजळला, तेव्हा आकड्यांच्या आधीचा ‘संवत’ निघाला. ७८ मिळवायचे नव्हते, ५७ वजा करायचे होते.

मग व्याख्यानाचा क्रमच उलटा झाला. तेलामागून आपली माणसे गेली नव्हती. यंत्राची पहिली विहीर खोदली जाण्याच्या शंभर वर्षे आधी ती सुराखानीला जमिनीतून येणाऱ्या वायूच्या ज्वालांजवळ राहत होती. पंचकोनी अंगणाभोवती त्यांच्या खोल्या आहेत, लेख बहुतेक देवनागरीत आणि काही गुरुमुखीत आहेत, आणि बाकूच्या तटबंदीच्या आत मुलतानी व्यापाऱ्यांची सराई आजही उभी आहे. या जागेला आतेशगाह, म्हणजे अग्निगृह, म्हणतात, त्यामुळे ती पारशांची असावी असा समज होतो. पण मुंबईचे पारशी विद्वान जीवनजी जमशेदजी मोदी यांनी १९२५ मध्ये ती स्वतः पाहून हे हिंदू देऊळ असल्याचा निर्वाळा दिला होता. त्याही मागे जायचे तर चौलला उतरून जुन्नरला गेलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात बाकूवरून गेला आणि तिथली आग विझत नाही, असे लिहून गेला.

तेलाच्या भरभराटीने या वस्तीला आणले नाही, घालवले. कोकोरेव्हचा कारखाना देवळाला लागूनच होता आणि जमिनीतून येणारा तोच वायू जाळत होता. माझ्या वहीतल्या दोन रेघांखालचे १८८० चे दशक देऊळ बांधल्याचे नव्हे, तर तिथली पूजा थांबल्याचे होते.

व्याख्यानाला तीस-पस्तीस जण आले होते. शेवटी मागच्या रांगेतून, आयुष्यभर कॉम्प्रेसर सांभाळलेल्या एका गृहस्थांनी विचारले, “मग ती आग अजून आहे का?” वायू उपसून उपसून ती १९६९ मध्ये विझली आणि आता बाहेरून नळाने आणलेला वायू तिथे जाळतात, असे मी सांगितले.

“दाब किती ठेवतात?” त्यांनी विचारले.