मिरगाआधी व्हाळाची वाट मोकळी करा

व्हाळात, म्हणजे गावच्या ओढ्यात, मासळी राहिली नाही म्हटलं की गावाची पहिली मागणी मत्स्यबीज सोडण्याची असते. फोटो निघतो, पिशव्या रिकाम्या होतात, आणि पुढच्या वर्षी तीच रड. गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या व्हाळांत बऱ्याचदा अडचण बीजाची नसून वाटेची असते. मिरगाच्या पहिल्या जोरदार सरीत पाणी गढूळलं की शिंगटी, खवळे असे मासे पोटात गाबोळी घेऊन उलटे चढतात. खालच्या कोंडातून (खोल डोहातून) व्हाळात, व्हाळातून भरलेल्या शेतात. तेवढ्या दिवसांत वाट बंद असेल तर वर्ष फुकट.

अमेरिकेत एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ दरम्यान पाडली, तेव्हा सॅमन माशासाठी वरचं खोरं मोकळं झालं. सॅमन समुद्रातून येतो, आपली चढणीची मासळी खालच्या कोंडातून. आपलं धरण म्हणजे उन्हाळ्यात पाणी अडवणारा व्हाळावरचा बंधारा. तो मात्र कमरेएवढा आणि फळ्यांचा असतो, त्या काढायला गावातली दहा माणसं पुरतात.

खरा वाद फळ्या कधी काढायच्या याचा. कुळागरवाल्यांना (सुपारी-नारळाच्या बागायतदारांना) मे अखेरपर्यंत पाणी हवं, आणि ते रास्त आहे. म्हणून तारीख एप्रिलमध्येच, सगळ्यांना बसवून ठरवावी. फळ्या वरून खाली, दिवसाला एक अशा काढाव्यात. एकदम काढल्या तर मागे साचलेला गाळ खालच्या कोंडात जाऊन बसतो, आणि उन्हाळ्यात मासळी तगते ती त्या कोंडातच. फळ्यांच्या दोन रांगांमधली माती पात्रात न ढकलता काठावर टाका. फळ्यांवर गाळ्याप्रमाणे (बंधाऱ्याच्या दोन खांबांमधल्या जागेप्रमाणे) नंबर घालून त्या जमिनीपासून उचलून ठेवा, नाहीतर ऑक्टोबरात निम्म्या कुजलेल्या आणि निम्म्या कुणाच्या तरी गोठ्याला लागलेल्या सापडतात.

फळ्या काढूनही मासे चढत नाहीत तेव्हा बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला बघा. काँक्रीटच्या फरशीपुढची माती दर पावसाळ्यात खरवडत जाते आणि तिथे पायरी तयार होते. बोटभर माशाला वीतभर पायरीही भिंतच. उपाय दगडी उताराचा. गवंड्याची पाण्याची नळी लावून पायरीची उंची मोजा आणि तिच्या वीसपट लांब उतार धरा: ४० सेंटिमीटर पायरीला ८ मीटर. त्यापेक्षा चढा केला तर वरून पाणी फक्त धावतं. जांभ्याचे चिरे वापरू नका, झिजतात. काळा घट्ट दगड घ्या. मोठे धोंडे निम्मे तरी जमिनीत रोवा, मध्ये थोडा खोलगट भाग ठेवा म्हणजे पाणी कमी असतानाही एक धार टिकते. आणि फटी बारीक खडी-रेतीने ठासून भरा. हे काम कंटाळवाणं म्हणून टाळलं जातं, मग पाणी दगडांखालून जातं आणि वरचा उतार कोरडा. पहिल्या पुरात चार-दोन दगड हलतातच, त्यामुळे पावसाळा संपल्यावर एक दिवस डागडुजीचा धरून चाला. बंधारा जलस्रोत खात्याचा असेल तर दगड टाकण्याआधी पंचायतीमार्फत लेखी परवानगी घ्या.

रस्त्याखालच्या पाइपांचंही तेच. पाइपाचं तोंड पात्रापेक्षा वर लोंबकळत असेल तर खाली दगड रचून पाणी वर चढवा. वेग बघायला सुकं पान सोडा. ५ मीटर जायला १० सेकंदही लागले नाहीत तर लहान माशाला तो प्रवाह जड.

काठावर रोपं लावायची तर करंज, जांभूळ, उंबर आणि पाण्याच्या कडेला केवडा. पण असलेली झुडपं ‘साफसफाई’ म्हणून जेसीबीने खरवडणं आधी थांबवा. दहा रोपांपेक्षा ते महत्त्वाचं.

चढणीची मासळी पकडायची हौस कुणाची सुटणार नाही, आणि पूर्ण बंदीचा ठराव कागदावरच राहतो. पहिले आठ-दहा दिवस आणि व्हाळाची निम्मी रुंदी, एवढं जरी जाळ्याविना राहिलं तरी पुरे. हे पाळणं शक्य असतं. सुरुंग आणि विषावर मात्र तडजोड नाही. कोंडात ब्लीचिंग पावडर पडली की अंडी-पिल्लांसकट सगळं जातं. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने कुठल्या कोंडात मेमध्ये किती हात पाणी असतं आणि कुठली मासळी दिसते, ते लोक जैवविविधता नोंदवहीत दरवर्षी लिहावं.

फळ्या पुन्हा घालताना घाई नको. शेतातली पिल्लं पाणी ओसरताना खाली उतरतात, म्हणून एक गाळा सगळ्यात शेवटी बंद करा.