दगडी झाल्यावर ट्यूबआधी काय करायचं

पावसाळ्यात आपल्याकडच्या काळ्या मातीचा गोठा चिखल होतो, गाय त्यातच बसते, आणि मग एका सडाचं दूध कमी येतं, धार तुटक पडते. ही दगडीची, म्हणजे कासेत जंतू शिरून होणाऱ्या आजाराची, सुरुवात. कास लाल होऊन दगडासारखी लागेपर्यंत थांबलात, तर तोवर दोन दिवस हातचे गेलेले असतात. म्हणून दोन्ही वेळा पहिल्या तीन-चार धारा काळ्या फडक्यावर काढा. जमिनीवर नको, जंतू तिथेच पसरतात. गाठी, पाणचट धार, पिवळसर किंवा लाल झाक दिसली की समजा. फडक्यावर काहीच दिसत नाही पण दूध घटलंय, अशा वेळी धुण्याची पावडर कामाला येते. अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम विरघळवा. चार वाट्यांत चार सडांचं दूध वेगवेगळं घ्या, तेवढंच हे पाणी घाला आणि मिनिटभर फिरवा. ज्या वाटीत शेंबडासारखा घट्टपणा आला, तो सड बाधलेला. नुकत्याच व्यालेल्या किंवा आटत आलेल्या गायीत ही चाचणी फसवते.

सड सापडला की पहिलं काम तो रिकामा करणं. गाठी आत असताना सडात ट्यूबने भरलेलं औषध गाठींतच अडकतं. दर दोन-तीन तासांनी हलक्या हाताने काढा, हे दूध भांड्यात घेऊन लांब खड्ड्यात टाका. निरोगी सड आधी, आजारी सड शेवटी, मग हात साबणाने धुवायचे. त्या सडाला वासरू लावू नका. कास गरम आणि दुखरी असेल तर गार पाण्याचा शेक द्या. गरम शेक पुढे, कास थंड पण कडक राहिली तर.

थर्मामीटर घरात हवाच. निरोगी गायीच्या अंगाचं तापमान साधारण 101.5 फॅरनहाइट असतं. ते 103 च्या वर गेलं, चारा सुटला, रवंथ थांबला किंवा सड निळसर-गार पडला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा. 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन लागतो. मेडिकलवाला देतो ते दुखण्याचं इंजेक्शन परस्पर टोचू नका. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, गिधाडं त्यानेच संपत आली.

ट्यूब भरताना घोळ होतो तो इथे. सड पूर्ण पिळून घ्या, टोक स्पिरिटच्या बोळ्याने घासा, बोळा काळा निघाला तर दुसरा घ्या. नळी दोन-तीन मिलिमीटरच आत. पूर्ण खुपसली तर सडाच्या तोंडाचं अस्तर फाटतं आणि बाहेरची घाण आत ढकलली जाते. औषध गेल्यावर टोक चिमटीत धरून वरच्या दिशेने चोळा. एक ट्यूब एकाच सडाला, अर्धी-अर्धी कधीच नाही. आणि डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पुरा करायचा. दुसऱ्या दिवशी दूध साफ दिसलं म्हणून उरलेल्या ट्यूब फडताळात ठेवल्या की तीच दगडी महिन्याभरात परत येते. तेव्हा मात्र नवी ट्यूब भरण्याआधी निर्जंतुक बाटलीत दुधाचा नमुना घेऊन कोणतं औषध लागू पडतं ते तपासून घ्या.

कोर्स चालू असताना आणि नंतर पाकिटावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत चारही सडांचं दूध डेअरीला नको, घरातही नको. उकळून औषध जात नाही. त्या दुधाला विरजणही धड लागत नाही.

कोरफडीचा लेप अनेक जण विचारतात. 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद, 15 ग्रॅम खायचा चुना वाटून, पाण्याने पातळ करून दिवसातून आठ-दहा वेळा पाच दिवस लावायचा, जोडीला दोन-दोन लिंबं दोन वेळा चारायची. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळानेही हा उपाय सुचवलेला आहे. सौम्य दगडीत जरूर करा. ताप चढलेल्या गायीला लेपावर ठेवणं मात्र जुगार.

आता मुळाकडे. सालदार अंगठा मुडपून धार काढत असेल तर सडाला आतून इजा होतेच. पूर्ण मुठीने काढायला लावा. कास धुतली तर कोरडी पुसा, नाहीतर ओघळणारं पाणीच जंतू सडाच्या तोंडाशी आणतं. धार संपली की सड 0.5 टक्के आयोडीनमध्ये बुडवा. सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास उघडं राहतं, म्हणून ढेप आणि कुट्टी धारेनंतर गव्हाणीत टाका. खात राहिली की गाय बसत नाही. व्यायच्या 60 दिवस आधी आटवताना चारही सडांत आटवण्याची ट्यूब, तीही डॉक्टरांना विचारून. चालू दुधातली ट्यूब त्या कामाची नाही.