चिऱ्याची भिंत आणि टाळांचा आवाज

खानापूर-बेळगाव भागात देवळांचे जीर्णोद्धार जोरात चालू आहेत आणि बहुतेक ठिकाणी पहिली संक्रांत येते ती जांभ्या चिऱ्याच्या भिंतीवर. खडबडीत दिसते, धूळ धरते, म्हणून तिच्यावर पार छतापर्यंत गुळगुळीत टाइल्स चढवतात. मी भजनात पखवाज वाजवतो, सप्ताहात माइक आणि मिक्सरही बघतो. म्हणून आज त्या भिंतीच्या बाजूने लिहितोय.

आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात टाइल्स बसल्या आणि पहिल्याच एकादशीला वीणेकरी तात्या मला म्हणाले, "टाळ नुसते कानात शिरालेत गा, अभंगाचा शब्दच कळेना झालाय." मिक्सरवर ट्रेबल उतरवून काही होण्यासारखं नव्हतं, कारण टाळांना माइक नसतोच. सकाळी सभामंडप रिकामा असताना एका भिंतीला टेकून टाळी वाजवली, तर समोरून टर्रर्र असा आवाज आला. दोन भिंतींत ८ मीटर अंतर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १६ मीटरचा फेरा तो सेकंदाला एकवीस वेळा मारतो. दोन्हीकडे सपाट टाइल्स असल्या की त्याची वाट मोडायला मध्ये काहीच नसतं.

चिऱ्यावर ही वाट मोडते. चिऱ्याचा उंचवटा आवाज थोडा आधी परतवतो, खळगा थोडा उशिरा. हा फरक लहरीच्या लांबीच्या मानाने पुरेसा झाला की सरळ परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात आणि आवाज सगळ्या दिशांना पांगतो. किती फरक पुरतो, याचा ढोबळ नियम इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखला जातो: आवाज समोरून येत असेल, तर उंचसखलपणा लहरीच्या आठव्या भागाएवढा हवा.

आता आमचीच वाद्यं घ्या. टाळांच्या झणकारातला ५००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५००० कंपनांचा स्वर धरला, तर त्याची लहर जेमतेम ७ सेंटिमीटरची. आठवा भाग एक सेंटिमीटरहूनही कमी. चिऱ्याची भोकं आणि सांधे तेवढे असतातच. पखवाजाच्या धुमेतला, म्हणजे खर्जाच्या बाजूचा, १०० हर्ट्झचा स्वर मात्र ३.४ मीटर लांब. त्याला ४० सेंटिमीटरहून मोठे खळगे लागतील. म्हणजे तीच भिंत टाळाला खडबडीत आणि धुमेला आरशासारखी. आणखी एक गंमत: भिंतीला घासून, तिरका जाणारा आवाज असेल तर टाळालाही ती गुळगुळीत वाटू लागते. म्हणून टाळकऱ्यांच्या थेट समोरची भिंत सगळ्यात महत्त्वाची.

चिरा सच्छिद्र असल्याने थोडा आवाज शोषतोही, ते वेगळं. पांगवण्यात आवाज मरत नाही, सभामंडपातच राहतो, फक्त एकगठ्ठा परत येत नाही. त्यामुळे भजनाचा भरीवपणा टिकतो. नुसते जाड पडदे टांगले तर तो जातो.

मॅनफ्रेड श्रोडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात आवाज पांगवणारे, कमी-जास्त खोलीच्या खाचांचे फलक गणिताने मांडले, ते आज जगभरच्या स्टुडिओत दिसतात. आपल्याकडे बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जुनं जैन मंदिर, बघा. तिथले काळ्या दगडाचे खांब चांगले घोटलेले आहेत, पण गोल आहेत, आणि गोल खांब वरच्या पट्टीचा आवाज चहूकडे पसरवतो. दोष चकाकीचा नाही, सलग सपाटपणाचा आहे.

टाइल्स लावायच्याच असतील तर कमरेइतक्या लावा, वर चिरा उघडा ठेवा. आधीच लावून झाल्या असतील, तर समोरच्या भिंतीवर ४ ते १० सेंटिमीटर पुढे येणाऱ्या उभ्या लाकडी पट्ट्या ठोका, कमी-जास्त जाडीच्या आणि कमी-जास्त अंतरावर. सारख्या अंतरावर ठोकल्या तर आवाज काही ठरावीक दिशांनाच जातो. आमच्या कमिटीने एका भिंतीपुरतं मान्य केलंय. फणसाच्या फळ्या सुताराकडे पडल्यात.